सात मैलांवरचं ऊन

रविवारी सकाळी आमच्या घरी तीन फोन होतात आणि तिन्ही हवेपासून सुरू होतात. मी इंग्लंडच्या दक्षिणेला, ब्रॅकनेलला राहते. मी सांगते की इकडे दोन दिवस कोरडं आहे, चादरी बाहेर दोरीवर आहेत. एडिनबऱ्याहून वृंदाताई म्हणतात, "मजा आहे बाई तुमची. आम्ही हीटिंग लावून बसलोय, ऐन जूनमध्ये!" नॉरिचची मैत्रीण सांगते की तिच्या अंगणातलं गवत वाळून पिवळं पडलंय, कौन्सिलनं पाणी जपून वापरा म्हटलंय. आणि माझी लेक, जी मँचेस्टरला शिकते आणि जिचं मराठी मी आता दुरुस्त करणं सोडलंय, ती म्हणते, "आई, इथे परत पाऊस आली." हे सगळं एकाच सकाळी, महाराष्ट्राहूनही लहान असलेल्या एका देशात. माझे इथले सहकारी म्हणतात की हवेवर बोलणं म्हणजे बोलायला काही नसल्याची खूण. मी हसते. माझ्या घरात हवेवर बोलणं हे पोटापाण्याचं बोलणं होतं.

आमचं गाव गंगाखेड. तिथे गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. त्या गंगेच्या काठावर माझे वडील, अण्णा, गावाचे कपडे धूत. आजोबाही तेच करत आणि पणजोबाही. आम्ही परीट. घराच्या पुढच्या खोलीत इस्त्रीचं टेबल, त्यावर जुनी घोंगडी, कोळशाची जड इस्त्री, आणि भिंतीला लागून घड्यांचे मनोरे. माझं बालपण आवाजांनी आठवायचं म्हटलं तर पहाटे दगडावर आपटणारा कपडा आठवतो आणि प्रत्येक आपटण्याबरोबर अण्णांच्या तोंडून निघणारा "छोः". वासानं आठवायचं तर खळीचा वास. भात शिजला की आई वरची पेज निथळून बाजूला काढून ठेवायची, ती कपड्यांना. शेजारच्या पोरांना आजारपणात मीठ घातलेली गरम पेज मिळायची. आम्हाला नाही. आमच्या वाट्याला नेहमी फडफडीत भात, त्यावर तुरीचं वरण आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. मला अजूनही मऊ भात आवडत नाही.

त्या घरातून मी शाळेत गेले आणि माझ्यावर उपकार करणारी माणसं मला तिथे भेटली. भूगोलाच्या सरांनी तर मला दहावीनंतर स्वतः सायकलवरून जाऊन कॉलेजचा फॉर्म आणून दिला. त्यांनीच शिकवलेलं एक वाक्य मी परीक्षेत अक्षर न चुकवता लिहिलं होतं: ब्रिटनचे हवामान सम व दमट असते. पूर्ण देशाला एक ओळ, आणि त्या ओळीला पूर्ण गुण. पुढे आमच्या सात पिढ्यांतली पहिली पदवी माझ्या हातात आली, मग शिष्यवृत्ती मिळाली, आणि मी संख्याशास्त्र शिकायला एडिनबऱ्याला निघाले, तेव्हा त्या देशाबद्दल मला तेवढी एकच ओळ माहीत होती. सुरुवातीचे दहा दिवस मी लंडनजवळ क्रॉयडनला एका नागपूरच्या कुटुंबाकडे राहिले. तिथे सप्टेंबरात इतकं छान ऊन होतं की मी आईनं विणलेला स्वेटर बॅगेच्या तळाशी घातला. मग ट्रेननं उत्तरेला गेले आणि वेव्हर्ली स्टेशनच्या जिन्यावर वाऱ्यानं माझी ओढणी माझ्याच तोंडावर गुंडाळली. स्वेटर काढायला मी तिथेच पायरीवर बॅग उघडून बसले.

अण्णांना मी दर रविवारी फोन करायचे. गल्लीतल्या किराणा दुकानात ते ठरल्या वेळी येऊन थांबलेले असत. अभ्यास कसा चाललाय हे ते एका वाक्यात उरकत, कारण त्यातलं पुढचं काय विचारायचं हे त्यांना सुचत नसे. मग त्यांचा खरा प्रश्न यायचा. "कपडे किती वेळात वाळायलेत?" मी सांगायचे: क्रॉयडनला दुपारपर्यंत वाळले होते. एडिनबऱ्याला ऊन नसलं तरी वाऱ्यानं दोन तासांत वाळतात, आणि कधी कधी दोन दिवस वाळत नाहीत. एकदा आम्ही मुलं पश्चिमेकडच्या डोंगरात, फोर्ट विल्यमला गेलो. तिथे माझे मोजे चार दिवस ओले राहिले. ते ऐकून अण्णा म्हणाले, "म्हंजी वारा पच्छिमेचा असंल अन् मधी डोंगर हाय. वारा तिकडंच ओतून मोकळा व्हतो अन् तुमच्याकडं कोरडा येतो. कोकणात पडतं अन् आपल्याकडं येत न्हाई, तसंच की." सातवीत शाळा सोडलेल्या माणसानं माझ्या ओल्या मोज्यांवरून स्कॉटलंडचा नकाशा मांडला होता. भूगोलाच्या सरांना हे सांगायला हवं होतं. राहून गेलं.

आता जे लिहायचं आहे ते लिहायला मला इतकी वर्षं लागली. एडिनबऱ्याला मी लीथ भागात वृंदाताईंच्या फ्लॅटमध्ये एका खोलीत राहत असे. वृंदाताई पुण्याच्या, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या, एकट्या राहणाऱ्या आणि जीव लावणाऱ्या. पहिल्याच आठवड्यात पोहे करता करता त्यांनी विचारलं, "बाबा काय करतात गं तुझे?" आणि मी म्हणाले, "कापडाचा व्यवसाय आहे." धडधडीत खोटंही नाही, असं मी स्वतःला समजावलं. पण वृंदाताईंनी ते कौतुकानं सगळ्यांना सांगितलं. गणपतीला, दिवाळीला, जिथे जाऊ तिथे, "हिच्या बाबांचा गावाला कापडाचा मोठा बिझनेस आहे हं." मोठा हा शब्द त्यांनी आपल्या मनानं जोडला होता. मी तो काढला नाही.

अण्णांना माझ्या पदवीदानाला बोलवायचं हे मी येतानाच ठरवलं होतं. त्यांचा पासपोर्ट वेळेत झाला नाही, म्हणून हिवाळ्यातला समारंभ मी पुढच्या उन्हाळ्यावर ढकलला आणि मधल्या काळात तिथेच हॉस्पिटलमध्ये आकडेवारीचं काम धरलं. आईनं धुण्या-इस्त्रीचं काम सांभाळायचं कबूल केलं. जुलैत अण्णा आले. धोतर, पांढरा सदरा, टोपी, वर कुणाचा तरी मागून आणलेला कोट, आणि सगळ्याला अशी कडक इस्त्री की विमानातल्या त्या एवढ्या तासांनीही घडी मोडली नव्हती. क्रॉयडनच्या त्या घरी दोन दिवस विश्रांती घेऊन आम्ही एडिनबऱ्याची ट्रेन पकडली. आणि पीटरबरोच्या आसपास कुठेतरी मी ते बोलले. "अण्णा, तिथं कुणी विचारलं तर कापडाचं दुकान आहे म्हणा."

अण्णा खिडकीबाहेर बघत होते. "दुकान म्हनू?"

"हं. म्हणजे आपण इतकं सांगत बसायला नको."

"बरं," ते म्हणाले.

ते पुन्हा खिडकीबाहेर बघू लागले. मला वाटलं, गावं बघतायत. ते दोऱ्या बघत होते. रेल्वेच्या कडेनं घरांच्या मागच्या बागा लागतात आणि बागांत कपडे वाळत असतात. "इथं सगळ्यांनी बाहेर घातलेत," ते लिंकनशरच्या सपाट मुलखात म्हणाले. यॉर्कच्या पुढे अर्ध्या दोऱ्या रिकाम्या होत्या. न्यूकॅसलला भुरभुर होती आणि एका बाईनं टॉवेल तसेच पावसात सोडले होते, त्यावर अण्णा चुकचुकले. बेरिकला ट्रेन समुद्राच्या अगदी कडेनं जाते. तिथे वारा असा होता की एका दोरीवरच्या चादरी आडव्या तरंगत होत्या. अण्णा उठून उभेच राहिले. "बघ, बघ! ऊन न्हाई अन् काही न्हाई, तरी घंट्याभरात कोरड्या. कपडा वाऱ्यानं वाळतो, बाई. ऊन नुसतं पांढरं करतं." एवढं बोलून ते पुन्हा बसले आणि माझ्याकडे चोरून बघितलं, की आपण दुकानदारासारखं बोललो की नाही.

वृंदाताईंनी त्यांचं फार प्रेमानं केलं. ज्वारीचं पीठ कुठून तरी मिळवून भाकरी केल्या, "अहो अण्णा, लाजू नका, अजून एक घ्या" म्हणत वाढल्या. अण्णा त्यांना "ताई" म्हणत आणि विचारलं तेवढ्यालाच उत्तर देत. कापडाचा विषय निघाला की "हाव, चालतंय बरं" म्हणून पाणी प्यायला उठत. वृंदाताई सकाळी घाईघाईत ब्लाऊजवर इस्त्री फिरवत तेव्हा अण्णा हात मांडीखाली घालून बसत. मी ते बघत होते आणि बघितलं नाही असं करत होते.

त्यांना एकच जोडीदार मिळाली होती, तळमजल्यावरच्या मोराग. सत्तरी ओलांडलेली विधवा बाई. आमच्या इमारतीच्या मागे एक सामाईक हिरवळ होती, तिच्यात लोखंडी खांब आणि खांबांना दोऱ्या. कुणाचे कपडे कुठल्या वारी, ह्याची पाळी ठरलेली असे आणि मोराग ती कोर्टाच्या कडकपणानं चालवत. अण्णा रोज सकाळी तिथे जाऊन उभे राहत. मोराग त्यांना दोरी उंच करायची फाट्याची काठी दाखवत, अण्णा त्यांना दोन दोऱ्यांना पीळ देऊन त्यात चिमट्याशिवाय कपडा कसा अडकवायचा ते दाखवत. त्या स्कॉटिश इंग्रजीत बोलत, हे गंगाखेडी मराठीत, आणि दोघांचंही अर्धा अर्धा तास छान चाललेलं असे.

समारंभाच्या आदल्या दिवशी सकाळी मी भाड्याचा गाऊन घेऊन आले. फोटो घरी निवांत काढू, ही वृंदाताईंची कल्पना. काळा, जड, खांद्यापाशी बारीक चुण्यांचा गाऊन, आणि वेगळी रेशमी पट्टी. तो खुर्चीच्या पाठीवर टाकून मी हॉस्पिटलला गेले. दुपारी दोनला परत आले तेव्हा खुर्ची रिकामी होती. स्वयंपाकघरात पेजेचा वास येत होता. 

मागच्या खिडकीतून खाली बघितलं. हिरवळ दिसतच नव्हती. समुद्राकडून धुकं आलं होतं, दाट आणि पांढरं, आणि त्यात एका दोरीवर काळं काहीतरी लोंबत होतं. सकाळी मी निघाले तेव्हा निळं आभाळ होतं. एडिनबऱ्याचा हा उन्हाळ्यातला खेळ मला माहीत होता, अण्णांना नव्हता. मी जिना उतरत गेले. अण्णा दोरीखाली उभे राहून गाऊनचा काठ दोन बोटांत धरून बघत होते. गाऊन चिंब होता. खळ केलेला, नीट झटकलेला, आणि चिंब.

"अण्णा, हे काय केलंत?"

"वास येत व्हता, बाई. कॉलरला तर मेणच बसलं व्हतं. किती जणांच्या घामाचं हाय ते, अन् ते घालून तू वर जानार? काळं हाय म्हनून पेजेत चहाचं पानी टाकलं, डाग दिसायचा न्हाई. ती रेशमाची पट्टी न्हाई भिजवली." मग धुक्याकडे बघून म्हणाले, "ऊन लई चांगलं व्हतं. हे कुठून आलं, कळंनाच."

उद्या सकाळी अकराला समारंभ होता. ज्या समारंभासाठी मी सात महिने थांबले होते. माझ्या तोंडून निघालं, "तुम्हाला एवढं सांगितलं होतं! इथं येऊनसुद्धा धोबीघाटच मांडायचा होता का?"

हे वाक्य मी इथे जसंच्या तसं लिहिलं आहे. ते सौम्य करून लिहिण्याचा मोह दोनदा झाला.

अण्णांनी गाऊनचा काठ सोडला. ओले हात धोतराला पुसले. मग अगदी साध्या आवाजात म्हणाले, "उद्या मी घरी थांबलो तर चालंल का? तू जा ताईसंगं. फोटो दाव मला."

तेवढ्यात मोराग शाल पांघरून बाहेर आल्या. तो दिवस त्यांच्या पाळीचा होता, मला वाटलं आता त्याचं ऐकावं लागणार. पण त्या भलत्याच कारणानं चिडलेल्या होत्या. "मी ह्या माणसाला बारा वाजल्यापासून सांगतेय! माझे मी केव्हाच काढले. हात करून करून समुद्राकडे दाखवलं, तर हा मान डोलावतो आणि हसतो." अण्णांना वाटलं होतं की त्या समुद्राचं कौतुक करतायत. मग मोरागनी माझा चेहरा बघितला, गाऊन बघितला, आणि सगळं त्यांच्या लक्षात आलं. "अगं, मग इथे काय उभी आहेस? हिलेंडला जा. डोंगरापाशी. तिथे लोक अर्ध्या बाह्यांत फिरत असतील."

मला खरं वाटलं नाही. हिलेंड म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला, फार तर सात मैल. सात मैलांत हवा ती काय बदलणार? मी अण्णांना सांगितलं, अर्धवट, रडवेल्या आवाजात. त्यांनी क्षणभरही शंका घेतली नाही. "असंल की. गंगेवर धुकं असतं तवा वरच्या टेकडीला ऊन असतंच." मी म्हणाले, वर नेऊन खोली तापवायच्या रेडिएटरवर टाकू. त्यांनी मान हलवली. "बंद खोलीत खळ आंबती. मग उद्या तू जिथं बसशील तिथं आंबट वास." आता ते माझ्यावर रागावलेले नव्हते आणि माझे वडीलही नव्हते, फक्त परीट होते. त्यांनी गाऊन उतरवला, मोरागच्या दोन मोठ्या टॉवेलांत गुंडाळून पिळला, वृंदाताईंची गुलाबी बादली मागितली, आणि आम्ही बस स्टॉपवर गेलो.

डबलडेकर बसमध्ये अण्णा मांडीवर बादली घेऊन बसले. शहर दिसत नव्हतं, ड्रायव्हरनं दिवे लावले होते, लोक कोटाची कॉलर वर करून चढत होते. प्रिन्सेस स्ट्रीटवरून किल्ल्याचा पत्ताही नव्हता. अण्णा बादलीकडेच बघत होते. मग चढ लागला. मॉर्निंगसाइडच्या पुढे धुक्याचा रंग बदलला, पांढऱ्याचा जरा पिवळसर झाला. पुढच्या एका वळणावर दुकानाच्या काचेवर काहीतरी चमकलं, आणि त्याच्या पुढच्या स्टॉपवर एक मुलगा आइसक्रीम खात बसमध्ये चढला. अण्णांनी त्या आइसक्रीमकडे बोट दाखवलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

हिलेंडला उतरलो तर डोळे मिटावे असं ऊन. डोंगराच्या पायथ्याशी गवताचा चढ, मेंढ्या, आणि अंगावर येणारा कोरडा वारा. थोडं चढून गेल्यावर मागे वळून बघितलं. सगळं शहर कापसाखाली गेलं होतं. किल्ल्याचं डोकं आणि एक टेकडी तेवढी वर. त्या कापसाखाली लीथमध्ये वृंदाताई आता कामावरून येऊन, दिवे लावून चहा करत असतील, आणि मी इथे स्वेटर काढत होते. सम व दमट, मला आठवलं आणि हसू आलं, पण हसायची माझी हिंमत नव्हती.

तिथे दोरी नव्हती, खांब नव्हता. अण्णांनी गाऊन झटकला आणि खांद्याची बाजू माझ्या हातात दिली. गंगेवर आई आणि ते लुगडी वाळवत तसंच, दोघांनी दोन बाजूंनी धरायचं आणि मधून वारा जाऊ द्यायचा. "ओढू नको. नुसतं धर. चुन्या आपोआप बसत्यात," ते म्हणाले. गाऊन शिडासारखा फुगला.

काठ वाळायला लागला तेव्हा मी म्हणाले, "अण्णा, चुकलं माझं."

 वाऱ्याची दिशा जरा बदलली तसं ते दोन पावलं सरकले, मीही सरकले. "दुकान म्हना म्हनालीस ना गाडीत," ते म्हणाले, "तवा वाटलं, मी उगंच आलो. तुझ्या आईनं यायचं व्हतं. तिला बोलता येतं."

"उद्या या ना अण्णा."

"आधी हे तर वाळू दे."

एक म्हातारा कुत्रं घेऊन वरून उतरत आला. भरदुपारी डोंगरावर धोतर नेसलेला माणूस आणि एक मुलगी काळा गाऊन ताणून उभे आहेत, ह्याचं त्याला काही वाटलं नाही. टोपीला हात लावून एक वाक्य बोलला आणि निघून गेला.

"काय म्हनला?"

"म्हणाला, वाळवायला दिवस छान आहे."

"हाव? रस्त्यानं जाता जाता?"

"इथं असंच म्हणतात अण्णा. भेटलं की."

अण्णा त्या म्हाताऱ्याच्या पाठीकडे बघत राहिले. "चांगली मानसं हायेत," ते म्हणाले, आणि मग हसले, आल्यापासून पहिल्यांदा मनापासून. गाऊन तासाभरात वाळला. घरी आल्यावर त्यांनी त्याला इस्त्री केली. वृंदाताई म्हणाल्या, "अय्या अण्णा, तुम्हाला सगळंच येतं हो!" अण्णा माझ्याकडे बघून गप्प राहिले आणि मीही त्या रात्री गप्प राहिले. डोंगरावर माफी मागणं सोपं होतं. स्वयंपाकघरात वृंदाताईंसमोर ते अजून जमलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अण्णा आले. समारंभाचं मला फार आठवत नाही. माझं आडनाव तिथल्या गृहस्थांनी तीन ठिकाणी चुकीचं तोडलं एवढं आठवतं, आणि मी चालले तेव्हा गाऊन नव्या नोटेसारखा करकरला. अण्णा दुसऱ्या मजल्यावरच्या खुर्चीत टोपी हातात घेऊन ताठ बसले होते. टाळ्या वाजवायच्या की नाही, हे ते शेजारच्या लोकांकडे बघून ठरवत होते.

बाहेर पडल्यावर गाऊन परत करायची रांग होती. वृंदाताई माझ्याबरोबर, अण्णा मागे. काउंटरवरच्या बाई प्रत्येकाचा गाऊन घेत, कॉलर उलटून नंबर बघत आणि गाऊन चुरगाळून मोठ्या क्रेटमध्ये कोंबत. माझा घेतला आणि त्या थांबल्या. नंबराशेजारी पांढऱ्या दोऱ्यानं दोन बारीक फुल्या आणि एक रेघ घातलेली होती. मीही ती तेव्हाच बघितली. ती आमच्या घराची खूण. गावाकडे अण्णा ती बिब्ब्याच्या काळ्या रसानं घालतात, प्रत्येक कपड्यावर, शेकडो सदऱ्यांतून ज्याचा त्याला परत जावा म्हणून. इथे बिब्बा नव्हता, तर त्यांनी सुईदोरा घेतला होता. सगळे गाऊन सारखेच, लेकीचा बदलायला नको.

"हे काय आहे?" बाईंनी विचारलं.

वृंदाताई माझ्या कोपराला लागून उभ्या होत्या. मी अण्णांकडे बघितलं. त्यांना प्रश्न कळला नव्हता, पण बाईंचं बोट कुठे आहे ते कळलं होतं, आणि त्यांचा चेहरा उतरला होता. मी बाईंना सांगितलं, मोठ्यानं, सगळं. की माझे वडील आमच्या गावाचे कपडे धुतात, आजोबाही धूत होते, ही आमची खूण आहे, आणि हा गाऊन काल त्यांनी धुतला आहे. मग तेच वळून मराठीत वृंदाताईंना सांगितलं, कारण त्यांना सांगायचं होतं.

वृंदाताईंनी आधी माझ्याकडे आणि मग अण्णांकडे बघितलं. "अगं," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं मी सगळ्यांना काय काय सांगत फिरले!" त्यांना वाईट वाटलं होतं, ते दिसत होतं, आणि ते वाटणं रास्तच होतं. मग अण्णांना म्हणाल्या, "आणि तुम्ही मला ते तसले चुरगळलेले ब्लाऊज घालून जाऊ दिलंत रोज?"

अण्णांचं लक्ष त्यांच्याकडे नव्हतं. काउंटरवरच्या बाईंनी गाऊन नाकाशी नेला, भुवया उंचावल्या, हसल्या, आणि सवयीनं तो क्रेटमध्ये कोंबला. "आरारा," अण्णा म्हणाले. पुढे झाले, गाऊन अलगद बाहेर काढला, काउंटरवर पसरला, बाह्या आत, खांद्याला खांदा, तीन दुमडीत घडी. बाई बघत राहिल्या. मग रांगेतल्या पुढच्या मुलाचा गाऊन त्यांनी घेतला, नंबर बघितला, आणि तो अण्णांच्या पुढ्यात सरकवला.

अण्णांनी हात पुढे केला आणि मधेच थांबवला. माझ्याकडे बघितलं.

"करा, अण्णा," मी म्हणाले.

त्या दिवशी आम्हाला घरी जायला बराच उशीर झाला.